शेवटच्याचा पहिला हक्क

खेळात जो उत्तम खेळेल त्याने जिंकावे, याबद्दल कोणाचे दुमत असणार नाही. पण जो संघ वर्षभर हरत हरत अगदी तळाला गेला, त्यालाच वर्षअखेर देशातला सर्वांत गुणी नवा खेळाडू आधी निवडू द्यावा, आणि ज्याने अजिंक्यपद मिळवले त्याला मात्र रांगेत सर्वांच्या मागे उभे करावे, असा नियम कोणी केला तर तुम्ही काय म्हणाल? "हा तर पहिल्या आलेल्या मुलाचे गुण काढून नापास झालेल्याला देण्याचा प्रकार झाला!" असेच ना?

विद्यार्थी मित्रांनो, असा नियम खरोखरच आहे. ऑस्ट्रेलियातील फुटबॉलच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत तो १९८६ सालापासून पाळला जातो. माझे मत विचाराल, तर हा नियम न्याय्य आहे, आणि तो नसता तर त्या स्पर्धेतले आणखी काही क्लब आज जगले नसते. पण मी म्हणतो म्हणून हे मान्य करू नका. मत कोणाचेही असो, ते तपासून घ्यावे, ही विज्ञानाची पहिली शिकवण. त्यासाठी एक रिकामा डबा, काही चिठ्ठ्या आणि एक नाणे जवळ ठेवा.

खेळ कोणता, क्लब कोणते?

या खेळाला 'ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल' म्हणतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून तो बराच वेगळा. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, आणि एकेका बाजूला अठरा खेळाडू. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू पायाने मारून मधल्या दोन खांबांमधून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच गुण. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली मेलबर्न शहरात अशी सूचना मांडली की, क्रिकेटपटूंचे शरीर हिवाळ्यात जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढल्याच वर्षी या खेळाचे नियम लिहिले गेले.

१८९७ साली आठ क्लबांची 'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग' सुरू झाली. १९२५ साली क्लबांची संख्या बारा झाली. त्यातला जिलाँग सोडला, तर बाकी सारे मेलबर्न शहराच्या निरनिराळ्या भागांतले. १९८२ साली साऊथ मेलबर्न हा क्लब सिडनीला गेला, १९८७ साली पर्थ आणि ब्रिस्बेन येथून दोन नवे क्लब आले, आणि १९९० साली स्पर्धेचे नाव बदलून 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' असे ठेवण्यात आले. आज तीत अठरा क्लब आहेत.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

आता डबा पुढे घ्या. बारा चिठ्ठ्यांवर बारा क्लबांची नावे लिहा. चिठ्ठ्या नीट ढवळा, न बघता एक उचला, नाव टिपून घ्या आणि चिठ्ठी परत डब्यात टाका. असे सतरा वेळा करा. मग मोजा, किती निरनिराळी नावे आली?

बाराही क्लब अगदी तुल्यबळ असते, तर सतरा वर्षांतले अजिंक्यवीर याच पद्धतीने ठरले असते. एखादी ठरावीक चिठ्ठी एका खेपेस न येण्याची संभाव्यता ११/१२. सतराही खेपांना ती न येण्याची संभाव्यता काढायची, तर ११/१२ ला सतरा वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे ०.२३. म्हणजे बारापैकी सरासरी पावणेतीन क्लबांचे नाव एकदाही येणार नाही, आणि उरलेल्या नऊ क्लबांची नावे येतील. प्रत्यक्ष प्रयोगात कधी आठ येतील, कधी दहा.

आता खराखुरा इतिहास पाहा. १९६७ ते १९८३ या सतरा वर्षांत कार्लटनने सहा वेळा, रिचमंडने पाच वेळा, हॉथॉर्नने चार वेळा आणि नॉर्थ मेलबर्नने दोन वेळा अजिंक्यपद मिळवले. बेरीज करा: सतरा. म्हणजे बारा क्लबांपैकी फक्त चार! उरलेल्या आठ क्लबांच्या वाट्याला सतरा वर्षांत काहीच आले नाही. तुमचा चिठ्ठ्यांचा प्रयोग दहा लाख वेळा केला, तर चार किंवा त्याहून कमी नावे येण्याचा योग सुमारे चार वेळाच येईल. तेव्हा हा केवळ नशिबाचा खेळ नव्हता, हे उघड आहे.

एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, "ही सतरा वर्षे तुम्ही सोयीची पाहून निवडली आहेत." शंका रास्त आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक वर्ष वाढवू. १९६६ साली सेंट किल्डा अवघ्या एका गुणाने जिंकला होता आणि १९८४ साली एसेंडन. तरी एकोणीस वर्षांत सहाच क्लब झाले; चिठ्ठ्यांच्या हिशेबाने ते दहाच्या जवळपास हवे होते. निष्कर्ष बदलत नाही.

कर्ण्याची किंकाळी

असे का झाले असावे? गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकाचा एक अनुभव तुम्ही घेतला असेल. वक्त्याच्या हातातला मायक्रोफोन चुकून कर्ण्यासमोर आला, की कानठळ्या बसवणारी किंकाळी उठते. मायक्रोफोनमध्ये शिरलेला बारीकसा आवाज कर्ण्यातून मोठा होऊन निघतो, तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो. परिणामच कारणाला बळ देतो. याला शास्त्रज्ञ 'धन प्रत्याभरण' म्हणतात.

क्लबांचेही असेच होते. जो जिंकतो त्याचे चाहते वाढतात. चाहते वाढले की तिकिटांचा आणि वर्गणीचा पैसा वाढतो. पैसा वाढला की चांगले खेळाडू आणता येतात, आणि चांगले खेळाडू आले की पुन्हा विजय! हरणाऱ्याचे चक्र याच्या नेमके उलटे फिरते. सुरुवातीचा फरक इवलासा असला तरी चालतो. चक्रच तो मोठा करते.

ही गोष्ट लीगच्या चालकांना ठाऊक नव्हती असे नाही. १९३० साली त्यांनी 'कूल्टर कायदा' नावाचा नियम केला आणि खेळाडूला एका सामन्याचे तीन पौंडांपेक्षा अधिक मानधन देऊ नये असे ठरवले. पण श्रीमंत क्लबांनी त्यातून पळवाटा काढल्या. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया राज्याचा ग्रामीण भाग क्लबांना वाटून देण्यात आला. ज्या भागातला खेळाडू, त्याच भागाच्या क्लबकडून त्याने खेळायचे. कागदावर हे अगदी समान वाटप दिसते. पण कुठे वस्ती दाट, कुठे विरळ; कुठे खेळाडूंची खाण, तर कुठे चार-दोन गावे! ज्याला सुपीक भाग मिळाला त्याची वर्षानुवर्षे चंगळ झाली. जमिनीचे तुकडे सारखे केले, म्हणून पीकही सारखे येत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे निराळे सांगायला नको.

या असमतोलाची किंमत क्लबांना प्राणांनी मोजावी लागली. साऊथ मेलबर्न कर्जात बुडाला, म्हणूनच तो आपले शहर सोडून सिडनीला गेला. फिट्झरॉय हा तर १८९७च्या मूळ आठ क्लबांतला, आठ वेळा अजिंक्यपद मिळवलेला. पण पैशाच्या ओढाताणीत तो इतका खंगला की, १९९६च्या हंगामात बावीसपैकी एकच सामना जिंकून त्याने निरोप घेतला आणि त्याचे ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीनीकरण झाले.

तुम्ही म्हणाल, "दुबळा क्लब बंद पडला, तर बलवानाचे काय बिघडले?" इथेच खेळाचा धंदा इतर धंद्यांहून वेगळा ठरतो. साबणाच्या कारखानदाराला शेजारचा कारखाना बंद पडल्याचा आनंदच होईल. पण खेळात जी वस्तू विकायची, ती म्हणजे सामना, आणि सामना एकट्याने तयार होत नाही! वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हा मुद्दा मुष्टियोद्धा जो लुई याच्या उदाहरणाने मांडला होता. लुईला पैसा मिळवायचा असेल, तर त्याच्यासमोर उभा राहू शकेल असा तगडा प्रतिस्पर्धी त्याला हवाच. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना पाहायला कोण येणार?

इस्त्री आपोआप बंद का होते?

घरातली स्वयंचलित इस्त्री घ्या. ती ठरावीक मर्यादेपेक्षा तापली, की आतली धातूची पट्टी वाकून विजेचा प्रवाह तोडते. इस्त्री निवली, की पट्टी सरळ होऊन प्रवाह पुन्हा चालू होतो. इथे परिणाम कारणाला बळ देत नाही, उलट लगाम घालतो. हे झाले 'ऋण प्रत्याभरण'. तुमच्या शरीराचे तापमानही याच तत्त्वावर स्थिर राहते.

लीगला अशीच एखादी पट्टी हवी होती. १९८३ साली सिल्व्हिओ फोस्चिनी या तरुण खेळाडूच्या खटल्यात व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचे खेळाडूंना जखडून ठेवणारे नियम अवाजवी ठरवले. जुन्या व्यवस्थेचा पायाच खचला. मग १९८०च्या दशकाच्या मध्यात दोन नवे उपाय आले.

पहिला उपाय, पगाराची कमाल मर्यादा. एका क्लबने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करायचा नाही. १९८७ साली ही मर्यादा साडेबारा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. आता ती दीड कोटींच्या वर गेली आहे. तिला एक तळही आहे. मर्यादेच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी खर्च करून चालत नाही. आपल्याकडील आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा घालून दिलेली असते, त्यामागचे तत्त्व हेच. आणि ही मर्यादा नावापुरती नाही. २००२ साली कार्लटन क्लबने चोरून जादा पैसे दिल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्याला नऊ लाख डॉलरांहून अधिक दंड झाला, शिवाय नवे खेळाडू निवडण्याचे महत्त्वाचे हक्कही गेले.

दुसरा उपाय म्हणजे आरंभी सांगितलेला, 'ड्राफ्ट' नावाने ओळखला जाणारा. देशभरातले होतकरू तरुण खेळाडू एका यादीत येतात, आणि क्लब त्यांतून गुणतक्त्याच्या उलट्या क्रमाने निवड करतात. शेवटच्याचा पहिला हक्क!

याचा परिणाम झाला का? पुन्हा सतरा वर्षांचा हिशेब करू. १९९० ते २००६ या काळात कॉलिंगवूड, हॉथॉर्न, वेस्ट कोस्ट, एसेंडन, कार्लटन, नॉर्थ मेलबर्न, ॲडलेड, ब्रिस्बेन, पोर्ट ॲडलेड आणि सिडनी असे दहा क्लब अजिंक्य ठरले. या काळात क्लबांची संख्या चौदा ते सोळा होती. तेवढ्या चिठ्ठ्या घेऊन सतरा वेळा उचलल्या, तर सरासरी दहा ते अकरा नावे येतात. चारवरून दहावर! अर्थात हे सारे श्रेय त्या दोन नियमांना देणे घाईचे होईल. या दहांपैकी पाच क्लब व्हिक्टोरिया राज्याबाहेरचे होते. त्यांच्यामागे नवी शहरे आणि नवे चाहते होते. पण नियम नसते, तर तिथेही दोन-चार नवे श्रीमंत तयार होऊन बसले असते. असे घडते हे पाहायचे असेल तर युरोपात पाहा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९९२ ते २०२५ या ३३ हंगामांत सातच क्लब विजेते झाले, आणि जर्मनीत बायर्न म्युनिक २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षे अजिंक्य राहिला.

समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे

आता नाणे घ्या. तेवीस वेळा उडवा आणि छाप किती वेळा पडली ते मोजा. वर्गातल्या अठरा जणांनी हे केले, तर एखाद-दुसरा अपवाद सोडून सर्वांचे आकडे सात ते सोळा यांच्या दरम्यान येतील. तीन किंवा त्याहून कमी छाप पडण्याची संभाव्यता बरोबर ४०९६ मध्ये एक आहे.

अठरा क्लबांच्या या लीगमध्ये २०२३ साली प्रत्येक क्लब तेवीस साखळी सामने खेळला. कॉलिंगवूडने अठरा जिंकले. वेस्ट कोस्ट आणि नॉर्थ मेलबर्न यांनी फक्त तीन-तीन! ४०९६ मध्ये एकदा घडावे असे एकाच वर्षी दोघांच्या बाबतीत घडले. म्हणजे त्या वर्षी क्लब तुल्यबळ मुळीच नव्हते.

मग समतोल आहे तरी कुठे? माझ्या मते तो एका वर्षाच्या तक्त्यात शोधायचाच नसतो. तो शोधायचा वर्षांच्या ओघात. २०२३चा विजेता कॉलिंगवूड २०२१ साली तक्त्यात सतरावा होता. तीनच सामने जिंकणारा वेस्ट कोस्ट २०१८ साली अजिंक्य होता. रिचमंड २०१६ साली तेरावा, २०१७ साली अजिंक्य, २०१९ आणि २०२० साली पुन्हा अजिंक्य, आणि २०२४ साली दोनच विजय मिळवून सर्वांत शेवटचा! सगळे सारखे असणे, हा समतोलाचा अर्थ नव्हे. वर बसलेल्याची जागा कायमची नसावी आणि तळाला गेलेल्यालाही वरची वाट मोकळी असावी, हा त्याचा खरा अर्थ आहे.

ही वाट मोकळी असण्याचे मोल काय, हे फुटस्क्रेच्या चाहत्यांना विचारा. मेलबर्नच्या पश्चिमेकडील कामगार वस्तीतला हा क्लब. १९८९ साली तो फिट्झरॉयमध्ये विलीन करायचे लीगने ठरवले. तेव्हा सामान्य चाहत्यांनी काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक डॉलर जमवून आपला क्लब वाचवला. पुढे त्याचे नाव 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाले. २०१६ साली साखळीत सातवा येऊनही हा क्लब अजिंक्य ठरला. सातव्या क्रमांकावरून विजेतेपदापर्यंत तोवर कोणी पोचले नव्हते, आणि या क्लबचे आधीचे अजिंक्यपद होते १९५४ सालचे. बासष्ट वर्षे! श्रीमंतांनाच जिंकू देणाऱ्या स्पर्धेत हा दिवस कधी उजाडलाच नसता.

दुसरी बाजू

कोणताही उपाय फुकट मिळत नाही. या नियमांवर दोन मोठे आक्षेप आहेत, आणि ते मला हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाहीत.

पहिला असा: शेवटच्याला बक्षीस दिले, तर मुद्दाम शेवटचे येण्याचा मोह होणार नाही का? पूर्वी एक पोटनियम होता. लागोपाठ दोन वर्षे चारपेक्षा अधिक सामने न जिंकणाऱ्या क्लबला आणखी एक निवड, तीही सर्वांच्या आधी, मिळत असे. मेलबर्न क्लबने २००८ साली तीन आणि २००९ साली चार सामने जिंकले, आणि तो मुद्दाम हरला असा बोभाटा झाला. चौकशी झाली. मुद्दाम हरल्याचा ठपका ठेवला गेला नाही, पण त्या काळातल्या कारभाराबद्दल २०१३ साली क्लबला पाच लाख डॉलर दंड झाला. मौज अशी की, २००९ साली पहिली आणि दुसरी अशा दोन्ही निवडी मिळूनही २०१३च्या हंगामात हा क्लब दोनच सामने जिंकू शकला! गुणी खेळाडू हाती येणे आणि त्यांचा संघ घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ साली मेलबर्न अजिंक्य ठरला, तो कितीतरी वर्षांच्या मेहनतीनंतर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समतोलाची किंमत मोजतो कोण? अठरा वर्षांचा मुलगा! पर्थमध्ये वाढलेल्या मुलाला ब्रिस्बेनच्या क्लबने निवडले, तर त्याला घर सोडून हजारो किलोमीटर दूर जावे लागते. आपण कोणाकडून खेळायचे, हे तो ठरवू शकत नाही. डॉक्टर झालेल्या तरुणाला "तू अमुकच गावी नोकरी कर" असे सांगितले, तर आपल्याला खटकेल. म्हणून २०१२ सालापासून पुरेशी वर्षे एका क्लबकडे काढलेल्या खेळाडूला क्लब बदलण्याची मोकळीक मिळू लागली, हे योग्यच झाले, जरी त्यामुळे काही खेळाडू बलवान क्लबांकडे वळतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. लीग एका हाताने समतोल साधते आणि दुसऱ्या हाताने तो बिघडवते. अठरा क्लबांनी एकमेकांशी दोन-दोन सामने खेळायचे, तर प्रत्येकाचे ३४ सामने व्हायला हवेत. प्रत्यक्षात होतात तेवीस. म्हणजे प्रत्येकाला सहाच प्रतिस्पर्धी दोनदा भेटतात, आणि ते सहा कोण, यावर कोणाची वाट सोपी, कोणाची अवघड, हे ठरते. वडील ज्या क्लबकडून शंभर सामने खेळले, त्या क्लबला मुलावर खास हक्क सांगता येतो. जुन्या क्लबांना याचा लाभ होतो, नव्यांना वर्षानुवर्षे होऊ शकत नाही. आणि अंतिम सामना? आपल्याला क्रिकेटमुळे परिचित असलेल्या मेलबर्न क्रिकेट मैदानावरच तो १९९२ पासून होत आला आहे. २०२० आणि २०२१ ही साथीची दोन वर्षे तेवढी अपवाद. पर्थचा क्लब पहिल्या क्रमांकावर असला, तरी त्याने सुमारे २७०० किलोमीटर उडून जायचे आणि मेलबर्नच्या क्लबने शेजारच्या गल्लीतून यायचे!

आकडेही थोडे कुरकुरत आहेत. २००७ ते २०२३ या सतरा वर्षांत आठ क्लब अजिंक्य झाले. चिठ्ठ्यांच्या हिशेबाने ते अकराच्या आसपास हवेत. अकराऐवजी आठ, हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पण इस्त्रीची पट्टीही जुनी झाली की हळूहळू कामातून जाते. नियम एकदा केला आणि विसरला, असे चालत नाही. दर काही वर्षांनी तो मोजून पाहावा लागतो.

म्हणून मला वाटते ते असे. उलट्या क्रमाची निवड आणि पगाराची मर्यादा ठेवावी. तळाच्या चार-पाच क्लबांत पहिल्या निवडीसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे अगदी शेवटचे येण्यात फायदा राहणार नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये १९८५ पासून अशी सोडत काढतात. आणि अंतिम सामना ज्याने साखळीत वरचा क्रमांक मिळवला, त्याच्या राज्यात व्हावा. तिजोरीला तोटा होईल, हे मला कळते. पण टास्मानियाला २०२३ साली एकोणिसाव्या क्लबचा परवाना मिळाला आहे आणि २०२८ पासून त्याने खेळायचे ठरले आहे. त्या बेटावरच्या मुलांना "तुमचा क्लबही जिंकू शकेल" असे सांगायचे, तर ते खरे असले पाहिजे.

तुमच्यासाठी एक काम. रणजी करंडकाच्या विजेत्यांची यादी मिळवा. मुंबईने तो १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वेळा जिंकला, याचा आपल्याला अभिमान आहे. आता चिठ्ठ्यांचा डबा पुन्हा घ्या, आणि त्या पंधरा वर्षांकडे एकदा दुसऱ्या एखाद्या राज्यातल्या मुलाच्या नजरेने पाहा. तुमचा हिशेब काय सांगतो?